लेक बोलायला लागेपर्यंत

22 नोव्हेंबर 2024 ला आमच्या लेकीला दोन वर्षं पूर्ण झाली. त्याआधीचे सहा महिने घरात एकच विषय होता, पोरगी बोलत का नाही. आता ती बोलते. थोडंच, पण बोलते. मधल्या काळात आधी काय तपासायचं, कुणाकडं जायचं, किती पैसे लागतात, कशासाठी थांबायचं आणि कशासाठी अजिबात थांबायचं नाही, हे एका जागी सांगणारं कुणी भेटलं नाही. म्हणून सगळं क्रमानं लिहून ठेवते. आमचं घर कोल्हापुरात शिवाजी पेठेत, एकत्र कुटुंब. मी एका पतसंस्थेत कामाला, नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीमध्ये. दिवसभर लेक आजी-आजोबांकडं. हे सांगायचं कारण, पुढच्या प्रत्येक तारखेला रजा कुणी काढायची हा प्रश्न होताच.

पहिला वाढदिवस नोव्हेंबर 2023 मध्ये झाला तेव्हा ती धरून उभी राहायची, बस्स. जानेवारीत संक्रांतीनंतर बोरन्हाण घातलं. गल्लीतली सगळी पोरं बोरं-चुरमुऱ्यांवर तुटून पडली आणि ही काळं झबलं, हलव्याचे दागिने घालून मधोमध बसून राहिली. शेजारचा मुलगा दहाव्या महिन्यात पळत होता, त्यामुळं "अजून चालत नाही?" हे रोज ऐकू यायचं. फेब्रुवारीत, पंधरा महिन्यांची व्हायला आठवडा होता तेव्हा, माजघरातल्या कपाटापासून सासूबाईंच्या मांडीपर्यंत ती चार पावलं एकटी चालली. नंतर वाचनात आलं की जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांतल्या मुलांवर केलेल्या पाहणीत आधाराशिवाय चालण्याचा काळ 8.2 महिन्यांपासून 17.6 महिन्यांपर्यंत निघाला होता. म्हणजे दहाव्या महिन्यात चालणारा तोही ठीक आणि आमचीही ठीक. हा आकडा मला तेव्हा माहीत असता तर बरीच झोप वाचली असती.

चालायला लागल्यावर घराचं रूप बदललं. गॅसच्या शेगडीखालचं कपाट दोरीनं बांधलं, उंबऱ्यापाशी लाकडी फळी आली. संध्याकाळी सासूबाई तिला घेऊन गंगावेशीत जायच्या. तिथं कट्ट्यावर म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देतात, कोल्हापुरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. लेकीला म्हशींचं भलतं वेड. म्हस दिसली की बोट ताठ करायची, मग मान वळवून सासूबाईंच्या तोंडाकडं बघायची, पुन्हा म्हशीकडं. पुढं डॉक्टरांनी नेमकं हेच विचारलं.

एप्रिलपर्यंत तिचं "आ" आणि "बाबाबा" एवढंच होतं. आई म्हणून हाक अशी नव्हतीच. सांगितलेलं सगळं कळायचं. "चप्पल आण" म्हटलं की आणायची, "आबा कुठं?" म्हटलं की दाराकडं बघायची. पण तोंडातून शब्द नाही. आणि आणखी एक गोष्ट मला खटकायची. मागून हाक मारली तर कधी वळायची, कधी नाही. टीव्हीच्या आवाजात तर नाहीच. लोकसभेच्या निवडणुकीचे दिवस, 7 मे ला कोल्हापूरचं मतदान, त्यामुळं सासऱ्यांच्या बातम्या सकाळपासून चालू. खेळात रमली असंल म्हणून ऐकत नसंल, असं सगळे म्हणायचे.

सल्ल्यांना तोटा नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "आमचा ह्यो बी तीन वर्सं बोलत नव्हता, आता गप बस म्हणावं लागतंय. बोलंल की, कशाला काळजी करतीस." माझी आई म्हणाली जिभेखाली चिकटलंय का दाखवून घे. एका चुलत सासूबाईंनी वेखंड आणून ठेवलं, रोज उगाळून जिभेवर चाटवा म्हणून. प्रेमानंच सांगत होत्या सगळ्या, त्यामुळं नाही म्हणणं अवघड जातं. मी वेखंडाची कांडी देवघरात ठेवली आणि म्हटलं, डॉक्टरांना विचारून मग देऊ.

मे महिन्याच्या शेवटच्या बुधवारी नागरी आरोग्य केंद्रात दीड वर्षाचं लसीकरण होतं. गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, त्रिगुणी लसीचा पहिला बूस्टर, पोलिओचे थेंब आणि जीवनसत्त्व अ चा दुसरा डोस, हा 2 मिलीचा असतो. सगळं मोफत. माता-बाल संरक्षण कार्ड न्यायला विसरू नका, नोंद त्यातच होते आणि तेच कार्ड पुढं प्रत्येक ठिकाणी मागतात. त्रिगुणीनं मांडी दुखते, रात्री ताप येतो, दुसऱ्या दिवशी पोर चालायला मागत नाही. आमची दीड दिवस कडेवरच होती. शक्य असेल तर दुसऱ्या दिवशी घरात कुणीतरी मोकळं राहील असं बघा.

तिथल्या सिस्टरनी कार्ड भरताना सहज विचारलं, "शब्द किती बोलते?" मी म्हटलं, एकही नाही. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "ताई, थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासा." सहा महिन्यांत मला मिळालेला सगळ्यात मोलाचा सल्ला हाच, आणि तो लस टोचायच्या रांगेत मिळाला.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडं गेलो. फी 400 रुपये. त्यांनी आधी तिला जमिनीवर सोडलं, ठोकळे दिले आणि आमच्याशी बोलत बोलत तिच्याकडं बघत राहिले. मग एक प्रश्नावली दिली. वीस प्रश्न, हो किंवा नाही. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी ती वापरतात, स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका आहे का हे चाळून बघायला. स्वमग्नता हा शब्द कागदावर वाचला आणि माझ्या हाताला घाम आला. नवऱ्यानं कागद घेतला, मी उत्तरं सांगितली, त्यानं खुणा केल्या. एखादी गोष्ट दाखवायला मूल बोट करतं का? तुम्ही बोट दाखवलं तर तिकडं बघतं का? नवीन काही दिसलं की तुमच्या चेहऱ्याकडं बघतं का? मी गंगावेशीतली म्हस सांगितली. डॉक्टर हसले, म्हणाले, "हे फार चांगलं लक्षण आहे. बघितलेलं दुसऱ्याला दाखवावंसं वाटणं, हेच मला हवं होतं." खुणांची बेरीज कमी धोक्याच्या गटात आली. तरी दोन वर्षांची झाल्यावर तीच प्रश्नावली पुन्हा भरायची, असं त्यांनी फाईलवर लिहिलं.

वेखंडाला त्यांनी स्पष्ट नाही सांगितलं. जीभ बघितली, खाली काही चिकटलेलं नव्हतं. टीव्हीबद्दल म्हणाले की दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेची शिफारसही तशीच आहे, फक्त लांबच्या माणसांशी व्हिडिओ कॉल चालतो. सासऱ्यांना हे सांगायचं काम नवऱ्यानं केलं. त्यांनी काही न बोलता आतल्या खोलीतला जुना रेडिओ काढला आणि टीव्ही रात्री ती झोपल्यावर लावायला लागले. विडी ओढायला ते आधीपासून बाहेर जायचे, आता गल्लीच्या टोकाला जातात.

मग कानाची तपासणी. जन्मल्यावर ती झाली होती का, असं डॉक्टरांनी विचारलं, पण आमच्या डिस्चार्ज कार्डात तशी नोंद नव्हती. तुमच्याकडं बाळंतपणाची फाईल असेल तर आत्ताच उघडून बघा, नोंद नसेल तर विचारा. तपासणीचं नाव ओएई. कानात छोटं बोंडूक घालून बारीक आवाज सोडतात आणि आतल्या कानानं दिलेला प्रतिसाद यंत्र टिपतं. दुखत नाही, पण मूल गप्प असावं लागतं, झोपलेलं असेल तर उत्तम.

पहिली तारीख जुलैच्या शेवटच्या आठवड्यातली मिळाली, कारण ही तपासणी करणाऱ्या एकच मॅडम, त्या आठवड्यातून ठरावीक दिवशीच येतात. आणि त्याच आठवड्यात पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोका पातळी ओलांडली. मॅडम नदीपलीकडून यायच्या, रस्ता पाण्याखाली. तारीख पुढं गेली. आमच्या पेठेत पाणी येत नाही, पण 2019 आणि 2021 चा अनुभव असल्यानं सगळं शहरच त्या दिवसांत पाण्याच्या आकड्यावर जगत होतं. घरात बसून पाऊस ऐकायचा आणि मधेच लेकीच्या पाठीमागं जाऊन टाळी वाजवून बघायची, असे माझे दिवस गेले. कधी वळायची, कधी नाही. त्यातून काहीच कळत नाही, उलट जीव टांगणीला लागतो. घरच्या टाळीवर विसंबू नका, हे मनापासून सांगते. खोलीतला हलता पडदा, सावली, जमिनीची थरथर, मूल कशावरूनही वळतं.

तपासणी 13 ऑगस्टला झाली. दुपारी दीडची वेळ मुद्दाम मागून घेतली होती, तिच्या झोपेची. सकाळी सहाला उठवलं, रोजची अकराची डुलकी लागू दिली नाही. खरी कसरत रिक्षात. महाद्वार रोडच्या गर्दीत रिक्षा हळू झाली की तिचे डोळे मिटायचे, मग मी खिडकीतून हार, बांगड्या, फुगे काय दिसंल ते दाखवत राहायची. तिथं पोहोचल्यावर पोटभर खिमटी चारली, घरचीच गोधडी अंथरली, तिच्या आजीच्या जुन्या लुगड्याची. पंधरा मिनिटांत गाढ झोपली. तपासणीला त्याहून कमी वेळ लागला. झोप लागलीच नाही तर परत यावं लागतं, म्हणून गोधडी, खाणं आणि वेळ या गोष्टी सांभाळा.

दोन्ही कानांपुढं "रेफर" लिहून आलं. मला वाटलं संपलं. मॅडमनी लगेच सांगितलं की रेफर म्हणजे ऐकू येत नाही असं नव्हे, पुढं तपासायला हवं एवढंच. त्यांनी दुसरी तपासणी केली, टिंपॅनोमेट्री. कानाचा पडदा किती हलतो हे त्यात कळतं आणि कागदावर डोंगरासारखी रेषा यायला हवी. आमची सपाट आली. दोन्ही तपासण्यांचे 1,100 रुपये झाले.

दोन दिवसांनी सुट्टी होती, मग शनिवारी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडं, फी 500. त्यांनी कानात बघून सांगितलं की दोन्ही पडद्यांमागं पाणी साचलंय. सर्दीनंतर लहान मुलांत हे पुष्कळ होतं, दुखत नाही म्हणून कळतही नाही. पोर बहिरं नसतं, पण पाण्यात बुडी मारल्यावर काठावरचं बोलणं ऐकू यावं तसं त्याला सगळं दबकं ऐकू येतं. मोठे आवाज पोहोचतात, त्यामुळं कुकरची शिट्टी झाली की ती दचकायची. बोलण्यातली बारीक अक्षरं मात्र निसटतात. फेब्रुवारीपासून तिची सर्दी हटत नव्हती, त्याचा आणि याचा धागा तेव्हा जुळला.

औषध? काही नाही. हे मला सगळ्यात जड गेलं. ते म्हणाले बहुतेक मुलांचं पाणी तीन महिन्यांत आपोआप उतरतं, अँटिबायोटिक देऊन उपयोग नाही. आडवं झोपवून दूध पाजू नका, धुरापासून लांब ठेवा, तीन महिन्यांनी परत तपासू. तोवर नाहीच उतरलं तर पडद्यात बारीक नळी बसवण्याचा विचार करू. परत येताना मी नवऱ्याला म्हटलं, तीन महिने नुसतं बघत बसायचं? तो म्हणाला, "बघत कुठं बसायचंय, मॅडमनी बोलायला शिकवते म्हटलंय की."

म्हणजे कान तपासणाऱ्या त्याच मॅडम वाचा-उपचारतज्ज्ञही होत्या. ऑगस्टच्या अखेरीपासून पंधरा दिवसांतून एकदा जायला लागलो, एका वेळचे 500 रुपये. मला वाटलं होतं त्या लेकीला शिकवतील. त्या आम्हाला शिकवत होत्या. समोर बसून, तिच्या उंचीला येऊन, तोंड दिसंल असं बोला. "म्हण आई, म्हण ना" असं मागं लागू नका. तुम्ही जे करताय तेच छोट्या वाक्यात सांगा: पाणी ओतलं, भाकरी गरम, आबा आले. दोन वस्तू हातात धरून विचारा, दूध की केळं, आणि मग गप्प राहा. मनात दहापर्यंत मोजा. हे दहापर्यंत गप्प राहणं आमच्या घरात कुणालाच जमत नव्हतं, सासूबाई तिसऱ्या आकड्याला केळं सोलायच्या.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली जी मला माहीतच नव्हती. शब्द पूर्ण, स्वच्छ असायला हवा असं नाही. मूल एकाच गोष्टीला दर वेळी एकच आवाज काढत असेल तर तो शब्द धरायचा. कुत्र्याला "भू", गाडीला "भुर्र", तेही शब्द. एक वही करा म्हणाल्या, तारीख घालून लिहा. मी पतसंस्थेतली जुनी डायरी घेतली. पहिल्याच संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "अगं मग म्हशीला ती म्ही म्हणती की! गौरी-गणपतीच्या तयारीला बाजारात गेलो तवापास्नं." पहिली नोंद म्हणून म्ही लिहिलं. आमच्या लेकीचा पहिला शब्द आई नाही, बाबा नाही, म्हस. मला अजिबात वाईट वाटलं नाही, सासूबाईंनी तर पेठेत पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

गणपती गेले आणि शब्द एकेक करून यायला लागले. पाणीला "पा", आबा चक्क आबा, बाप्पाला "पप्पा", त्यामुळं नवरा आणि गणपती बरेच दिवस एकाच नावानं. आई हा शब्द आला 6 ऑक्टोबरला, रविवारी, मी मोरीत कपडे धुत असताना. ती उंबऱ्यावर उभी राहून हाक मारत होती आणि मी मुद्दाम लगेच ओ दिली नाही, आणखी एकदा ऐकायचं होतं.

त्याच महिन्यात तिचं आधार काढलं, थोडक्यात सांगते. पाच वर्षांखालच्या मुलाचं आधार निळं असतं, बोटांचे ठसे घेत नाहीत, फक्त फोटो काढतात आणि आईचा किंवा बापाचा आधार क्रमांक व ठसा लागतो. नोंदणी मोफत आहे. जन्मदाखला मूळ प्रत न्या. दाखल्यावर बाळाचं नाव घातलेलं असायला हवं, जन्मानंतर बारा महिन्यांच्या आत महापालिकेत ते मोफत घालून मिळतं, नंतर विलंब शुल्क भरावं लागतं. आणि दाखल्यावरचं इंग्रजी स्पेलिंग घरी नीट वाचा, आधारवर जसंच्या तसं तेच येतं. आम्ही ज्या केंद्रात गेलो तिथं पहिल्या दिवशी सर्व्हर बंद होता, दुसऱ्या खेपेला सकाळी लवकर गेलो तर अर्ध्या तासात काम झालं. फोटोसाठी स्थिर बसवताना ऑपरेटर दादांनी म्हशीचा आवाज काढला.

दिवाळी झाली आणि 12 नोव्हेंबरला फेरतपासणी. पुन्हा तीच गोधडी, तीच दुपारची वेळ. या वेळी ओएईला दोन्ही कान पास. टिंपॅनोमेट्रीची रेषाही वर चढलेली. मॅडमनी कागद माझ्यापुढं सरकवला, मी नवऱ्याला फोन लावला तेव्हा त्याच्या मागं भट्टीचा आवाज होता, त्यामुळं दोनदा ओरडून सांगावं लागलं. नळी बसवायची गरज नाही, पण दर मोठ्या सर्दीनंतर कानाकडं लक्ष ठेवायचं आणि सहा महिन्यांनी दाखवायचं.

20 तारखेला विधानसभेचं मतदान. मी मत देऊन आले आणि तिला उचलून घेतलं तर तिनं माझ्या डाव्या हाताचं बोट धरलं. शाईवर नखानं खरवडून बघितलं, निघेना. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "आई, बो." बोट. दोन शब्द एकापुढं एक, पहिल्यांदा. मी तशीच जाऊन वही काढली.

वाढदिवस शुक्रवारी होता. पहिल्या वाढदिवसाला हॉल घेतला होता, यंदा नको म्हटलं. पहाटे अंबाबाईला जाऊन आलो, शुक्रवारची गर्दी वाढायच्या आत. संध्याकाळी औक्षण, ताटात गूळ-खोबरं, ओवाळताना दिव्याला बोट दाखवून "हा" म्हणजे चटका असं सगळ्यांना सांगत होती. शुक्रवार म्हणून मटण रविवारवर गेलं. तांबडा-पांढरा माझ्या आईनं येऊन केला, लेकीला वाटीभर अळणी पांढरा दिला तर वाटी पालथी होईपर्यंत प्यायली. दुसऱ्या दिवशी मतमोजणी असूनही वाढदिवसाच्या संध्याकाळी सासऱ्यांनी टीव्ही लावला नाही.

दोन वर्षांच्या तपासणीला 27 नोव्हेंबरला गेलो. वजन 11 किलो 200 ग्रॅम. उंची मात्र मागच्या मापाच्या मानानं वाढलेलीच दिसेना, म्हणून मी घाबरले. डॉक्टरांनी समजावलं की दोन वर्षांपर्यंत मुलाला आडवं झोपवून लांबी मोजतात, नंतर उभं करून उंची. तेच मूल उभं मोजलं तर साधारण 0.7 सेंटिमीटर कमी भरतं. तुमच्याही कार्डावर असं दिसलं तर आधी कसं मोजलंय ते विचारा. जीवनसत्त्व अ पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी द्यायचं, तिसरा डोस आरोग्य केंद्रात घेतला. वीस प्रश्नांचा कागद पुन्हा भरला, पुन्हा कमी धोक्याचा गट.

सगळा खर्च, म्हणजे डॉक्टर, तपासण्या आणि वाचा-उपचार धरून, साडेसहा हजारांच्या आसपास गेला. ज्यांना हे जड आहे त्यांनी अंगणवाडीताईंना विचारावं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून सुरू आहे, त्याचं पथक अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं आणि गरज असेल तर पुढं मोफत तपासणीला पाठवतं.

शेवटी डॉक्टरांनी विचारलं, "शब्द किती झाले?" मी डायरी उघडून दिली. त्यांनी पानं उलटत सगळी यादी वाचली, पहिल्या नोंदीवर थांबून "म्ही म्हणजे?" असं विचारलं. उत्तर द्यायच्या आत लेकीनंच त्यांना म्हशीचा आवाज काढून दाखवला. पुढची तारीख मे 2025 ची दिली, तोवर वाक्यं किती लांब होतात ते वहीत लिहायचं.